लाव्ह्यांच्या डोळ्यात काजळ

घे, हा कागद जवळ धर. असं हातभर लांबून काय वाचतेस? दोन महिने झाले, मी फोन लावते, आणि जरा मुद्द्यावर आले की तू म्हणतेस, "आई, ठेवते हं, बाळ रडतंय." मग मला कसं ऐकू येत नाय ते रडणं? कान अजून शाबूत आहेत माझे. रागावते मी, व्हय, पण वरवर. सासूनं सुनेला एवढं तरी बोलावं की नाय?

म्हणून म्हणलं, आता कागदावरच सांगावं. शाळा माझी चौथीपर्यंतची. पुढचं लिहिणं-वाचणं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून आलेलं, तेव्हा अक्षराला हसू नको. तुला यातलं अर्धं माहीत आहे, दारात उभं राहून तू ते पाहिलंस. उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नाय, तुझ्या नवऱ्याला सुद्धा नाय. पण मधूनच सांगितलं तर ते खोट्यासारखं वाटंल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

थंडीचे दिवस होते. तुला सहावा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं, आणि तू रोज नोकरीवर जाणारी बाई, छताकडं पाहून पाहून आंबून गेली होतीस. तर माझा लेक एका संध्याकाळी शेंद्र्याच्या कारखान्यातून येताना मिठाईचं खोकं घेऊन आला. मला वाटलं पेढे आणले. झाकण उघडलं तर आत बारा लाव्ह्यांची पिल्लं. एकेक अंगठ्याएवढं, पाठीवर पिवळ्या-काळ्या रेघा, आणि सगळी एकदम ची-ची-ची.

"अरे, हे काय आणलंस? सगळे मिळून एका माणसाचा घास व्हायचा नाय."

"आई, खायला नाय आणले. माझ्या जोडीदाराचं तिकडं शेड आहे, जपानी लाव्हे पाळतो तो. त्यानं दिले. हिला करमायला."

"करमायला? मग मी कशाला आहे घरात?"

"तुझाच तर कंटाळा आलाय तिला," तो म्हणला, आणि तू पांघरुणात तोंड घालून हसलीस. मी पण हसले. ते हसणं मला अजून याद आहे. त्याच्यानंतर आपण दोघी एका गोष्टीला मिळून हसल्याचं आठवत नाय.

लाव्हे मला काही नवे नव्हते. माहेरी ज्वारी काढायला लागलं की हे पाखरू ताटांच्या बुडाला दबून बसायचं. उडायचं नाय, वेडं. विळा अगदी अंगावर आला तरी नाय उडायचं. मग विळ्याला पेंढीसोबत कधी पाय यायचा, कधी मुंडी. आम्ही पोरी किंचाळायचो आणि थोरली माणसं म्हणायची, "चला, आज कालवण झालं." अशा घरातली मी. मला पाखरं पाळणं माहीत नव्हतं, मारणं तेवढं पाहिलेलं होतं. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

गच्चीवर जुन्या कूलरचा सांगाडा पडला होता, तो आपण मागच्या खोलीत आणला. गवताच्या जाळ्या काढल्या, वरून शंभरचा बल्ब सोडला, खाली कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याकडचा भुसा पसरला. मग मी चारी बाजूंनी गोणपाट कोंबलं. बाळंतिणीची खोली करतात ना, वाऱ्याची फट राहू द्यायची नाय, तशी. तू म्हणालीस, "आई, मोबाईलमधे लिहिलंय हवा खेळती पाहिजे, आणि त्यांचं वेगळं खाद्य मिळतं." मी म्हणलं, "मोबाईल वाचून कुणाची लेकरं मोठी झाली?" आणि बाजरी मिक्सरमधून काढून कण्या टाकल्या. बारापैकी एकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता, टिकली लावल्यासारखा. ते तुझं. तू आडवी पडून त्याला पोटाच्या उंचवट्यावर ठेवायचीस, आणि आतलं बाळ हललं की ते दचकून मान वर करायचं. तू मला हाक मारायचीस, "आई, बघा बघा, बाळाच्या आत्याबाई कशा बघायल्यात!"

त्याच आठवड्यात मी बाळाचं काजळ पाडायला घेतलं. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याची ताटली पालथी, आणि मग ताटलीवरची काजळी खरडून तुपात, एरंडेलात मळायची. माझ्या काजळाला या गल्लीत मान आहे, तुला माहीत आहे. तूही पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "आई, डॉक्टर म्हणतात बाळाला काजळ घालायचं नाही. डोळे खराब होतात."

"तुझ्या नवऱ्याला घातलं. झाले का खराब?"

"त्यांना चष्मा आहे."

"तो मोबाईलनं लागला!"

तू पांघरूण ओढून घेतलंस. पण मला ते लागलं. तू काही वंगाळ बोलली नव्हतीस, तरी लागलं. का, ते आता सांगते. तुझ्यासारखी शिकलेली मी नाय. मला येतं काय? भाकरी, कालवण आणि डोळे. तरणी होते तेव्हापासून खळ्यावर कुणाच्या डोळ्यात कणसाचं कुसळ गेलं की मला हाक यायची. पापणी उलटी करून मी जिभेनं ते कुसळ काढायचे. गडी, बाया, लेकरं, सगळ्यांचं. इथं उस्मानपुऱ्यात राहायला आल्यावरही शेजारच्या बाया लेकरं घेऊन यायच्या. माझ्याकडं दुसरी कुठली सनद नाय, पोरी. तेवढीच होती, आणि माझ्याच नातवंडाच्या डोळ्याला ती चालणार नाय, असं तू म्हणाली होतीस.

मग पिल्लांचे डोळे आले.

आधी एकाचा. सकाळी पाहिलं तर उजवा डोळा मिटलेला, पापणीवर दाण्याएवढी सूज. दुसऱ्या दिवशी तिघांचे. एकाच्या कडेला साबणासारखा बारीक फेस. ती डोकं भुश्यात घासायची, पायानं डोळा खाजवायची, आणि दुसरं पिल्लू येऊन त्या फेसावर एक चोच मारून जायचं. तुझ्या टिकलीवाल्याचा एक डोळा चिपडानं पार बंद झाला. तू रडकुंडीला आलीस. "आई, जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या ना."

"अंगठ्याएवढ्या पाखराला दवाखाना? क्रांती चौकातून मी डबा मांडीवर धरून रिक्षात बसू? लोक विचारतील, काय झालं आजी, तर सांगू डोळे आले? मी आहे ना. डोळ्याचं मला सांगू नको."

पलीकडच्या घरातल्या खाला भिंतीवरून ऐकत होत्या. त्यांच्या सासऱ्याला बटेरं, म्हणजे हेच लाव्हे, लढवायचा नाद होता, घरात कायम पाच-दहा पिंजरे असायचे. त्या आल्या, कूलरमधे डोकावल्या आणि नाकाला पदर लावला. "भाभी, इनकू मासूम नक्को समझो. बटेर की चोंच पहले आँख पे च जाती. बीमार कू अलग निकालो, बाकी कू अंधेरे में रखो. और ये बू कायकू आ री इत्ती?"

मी म्हणलं, "हौ, हौ, करती." आणि काही केलं नाय. मनात म्हणलं, ज्यांनी झुंजीसाठी पाळले त्यांना मायेचं काय कळणार. बघ, कसा माज होता.

त्या दिवशी दुपारी तू जेवून झोपलीस. मी चूल आवरली, कोमट पाणी, चिंधी आणि काजळाची डबी घेऊन मागच्या खोलीत बसले. खरं सांगायचं तर मी निम्मी त्या पाखरांसाठी बसले होते. निम्मी तुझ्यासाठी. तू उठशील तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडलेले असतील आणि मी एक शब्द न बोलता तुझ्या हातात टिकलीवालं देईन, असं मी ठरवलं होतं. जिंकायचं होतं मला.

पहिलं पिल्लू मुठीत धरलं. त्याचं काळीज माझ्या तळहाताला शिलाई मशिनसारखं लागत होतं. चिंधीनं खपली भिजवली, निघाली नाय. नखानं ओढली. खपलीसोबत पापणीची कड आली आणि रक्ताचा थेंब फुटला. पिल्लू चोच वासून ओरडलं, पण आवाज आलाच नाय. मी म्हणलं, "सोस थोडं, सोस." करंगळीनं काजळ भरलं, आत, बाहेर, वर, खाली. सोडलं. दुसरं घेतलं. अशी आजारी चार झाली. मग मला वाटलं, बाकीच्यांना तरी कशाला ठेवायचं? साथ आहे, नजर पण लागली असंल. म्हणून चांगल्या आठांना पण घातलं. बाराच्या बारा पिल्लांचे डोळे काळे, ओले, एरंडेलानं चकचकीत. बल्बखाली इतके गोड दिसले, माझ्याच मनात आलं, लेकरं नटली गं माझी.

मी हात धुवून संध्याकाळच्या डाळीला फोडणी द्यायला गेले.

आवाज आधी भांडणाचा नव्हता. टक, टक, टक, दाणे टिपल्यासारखा. मला वाटलं, डोळे उघडले, खायला लागली. मग एक चीत्कार आला, असा, की डाव माझ्या हातातून तेलात पडला.

जाऊन पाहिलं. काय सांगू तुला. ती एकमेकांच्या डोळ्यांवर तुटून पडली होती. काळं चमकणारं दिसलं की चोच. काजळ टिपायला गेली आणि मांस टिपून आली. ज्याचं रक्त निघालं त्याच्यावर चौघं-पाचजणं. आजारी पिल्लांना दिसत नव्हतं, ती भिंतीला तोंड लावून उभी, आणि मागून येऊन दुसरी त्यांचा डोळा पापणीसकट ओढायली. एकाचा डोळा दोऱ्याला लोंबावा तसा गालावर आला होता आणि दोघं तो दोन बाजूंनी खेचत होते. भुसा लाल झाला होता. एवढीशी पोरं गं, पंधरा दिवसांची! त्यांच्या चोचीत असली ताकद कुठून आली?

मी दोन्ही हात आत घातले. टिकलीवालं खाली होतं, त्याच्यावर तिघं. एकानं त्याची पापणी धरली होती, सोडतच नव्हतं. मी त्याला झटकलं तर ते माझ्या नखाच्या बुडाला चावलं. सगळीच माझ्या हातावर आली. धुऊन सुद्धा माझी बोटं काजळानं काळी, तेलकट, रक्ताळलेली. त्यांना तो पण डोळाच वाटला असंल. मी घाबरले. मला राग पण आला, लई राग आला. एवढी माया केली आणि हे? मी टिकलीवाल्याला उचललं आणि मूठ आवळली, त्याला वाचवायला म्हणून, की रागानं, की चोची लागत होत्या म्हणून, देवाला माहीत. दुसऱ्या हातानं बाकीच्यांना एकेक करून भिंतीवर लोटत होते, ती परत यायची, मी परत लोटायचे, आणि मूठ आवळतच गेली.

मग कळलं, मशीन थांबलंय.

मूठ उघडली तर त्याची मान बोटावरून खाली लोंबली. डोळा फुटलेला नव्हता. पापणी फाटली होती, तेवढीच. ते जगलं असतं. पोरी, त्याला त्यांनी नाय मारलं. मी मारलं.

आणि याच्या पुढचं जास्त वाईट आहे. तुझ्या पावलांचा आवाज आला. मी ते मेलेलं पिल्लू परत खाली ठेवलं, त्यांच्या मधोमध. बाकीची लगेच त्याच्यावर आली. तू दारात आलीस तेव्हा तू जे पाहिलंस, ते मी मांडून ठेवलेलं होतं.

तू ओरडली नाहीस. माझ्या हातांकडं पाहिलंस, काळे आणि लाल. मग काजळाच्या उघड्या डबीकडं. "काय घातलंत त्यांना?" विचारलंस, आणि मी सांगायच्या आधीच तुला कळलं. तू दोन्ही हात पोटावर ठेवलेस, झाकल्यासारखे, आणि म्हणालीस, "माझ्या बाळाला तुम्ही हात लावायचा नाही." आवाज सुद्धा चढवला नाहीस. तुला माहीत आहे का, माझ्या सासूनं मला फुंकणीनं मारलेलं आहे, पाठीवर अजून वण आहे, पण असं आत लागलं नव्हतं.

खाला भिंतीवरून आल्या त्या थेट आतच. पहिल्यांदा त्यांनी बल्ब बंद केला. "खून दिखा तो ये रुकते नै, भाभी, अंधेरा करो, अंधेरा!" अंधार झाला तशी ती थबकली. चपलांचे खोके, डबे, टोपली, जे हाताला लागलं त्यात त्यांनी एकेक वेगळं टाकलं. टिकलीवाल्याशिवाय आणखी एक आधीच गेलं होतं. दोघांचं बघवत नव्हतं. त्यातल्या एकाला दोन्ही डोळे राहिले नव्हते. खालांनी सुरी मागितली. मी दिली. त्या मोरीत बसल्या, ओठातल्या ओठात पुटपुटल्या आणि दोनदा हात हलला. परत आल्या तेव्हा माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "हमारे सुसरे तो लढाते थे. तुम तो पालते थे ना?" बस, एवढंच.

संध्याकाळी तुझा नवरा आला. तू तोंड फिरवून पडली होतीस. त्यानं विचारलं, टिकलीवालं कसं गेलं? मी म्हणलं, "त्यांनीच मारलं." कुणी? त्यानं परत विचारलं. एका खोक्यातल्या पिल्लाच्या चोचीला रक्त वाळलेलं होतं. त्याकडं बोट केलं. माझा लेक, मुंगीला सुद्धा ओलांडून जाणारा, त्यानं ते पिल्लू काढलं आणि मागच्या भिंतीवर आपटलं. एकदा आपटल्यावर मेलंच होतं. तो आणखी दोनदा आपटला. मग तिथंच उकिडवा बसून हमसून रडला. तू खिडकीतून ते पाहिलंस आणि नंतर चार दिवस त्याच्याशी बोलली नाहीस. तुला वाटलं, याच्यात पण हे आहे, याच्या आईतलं. नाय गं. त्याला मी खोटं सांगितलं होतं. तुझं आवडतं पाखरू मारणाऱ्याला त्यानं मारलं, असं त्याला वाटत होतं. खरा मारणारा त्याच्यासमोर पदरानं हात पुसत उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो आणि मी उरलेली घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. क्रांती चौकातूनच गेलो, डबा माझ्याच मांडीवर. कुणी हसलं नाय. लोकांना आपल्याकडं बघायला वेळ कुठं असतो!

डॉक्टर पोरगेला होता. त्यानं एकाची पापणी अशी अलगद वर केली की पिल्लाला कळलं सुद्धा नसंल. मी त्याच्या बोटांकडंच पाहत होते. "आजी, हे काळं काय आहे?"

"काजळ."

मला वाटलं हसंल. तो म्हणाला, "बल्ब, भुसा, खाणं, सगळं सांगा." मी सांगितलं. बाजरीच्या नुसत्या कण्या म्हणल्यावर मान हलवली: त्यानं डोळे जातातच, हिरवं पाहिजे, त्यांचं खाद्य पाहिजे. गोणपाटाचं सांगितल्यावर म्हणाला, "आजी, घरी गेल्यावर त्या कूलरमधे तोंड घालून पाच मिनिटं बसा. मग मला सांगा त्यांचे डोळे का आले." आणि काजळाचं म्हणाला, "चमकणारं, ओलं, वेगळं दिसलं की ही जात टोचते. रक्त दिसलं की थांबत नाही. तुम्ही बारा जणांच्या डोळ्यावर खूण करून दिलीत."

घरी येऊन मी खरंच तोंड घातलं. तू तेव्हा आंघोळीला गेली होतीस. ओल्या भुश्याचा, विष्ठेचा तो वास असा डोळ्यात घुसला, जसा कुणी कांदा चोळला. मला पाच मिनिटं पण निघाली नायत. ती त्यात पंधरा दिवस होती. बाळंतिणीची खोली केली होती मी त्यांना! तशाच बंद खोलीत, शेगडीच्या धुरात मला सुद्धा ठेवलं होतं बाळंतपणात, आणि माझे डोळे महिनाभर झोंबत होते, आणि मी समजत होते की असंच असतं.

मग सातवा लागला. तुझं डोहाळजेवण झालं आणि तू जालन्याला माहेरी गेलीस. बाळ झाल्याचं कळलं तेव्हा मी गल्लीत साखर वाटली. बारशाला आले. हिरवी पैठणी नेसून आले, तुला आवडते ती. बाळ तुझ्या मांडीवर होतं, टकमक पाहत. माझा हात आपसूक पुढं गेला, आणि तू दुपट्याची कड ओढून त्याच्या तोंडावर घेतलीस. कुणाच्या लक्षात आलं नाय. तुझी आई म्हणत पण होती, "घ्या ना विहीणबाई, घ्या." मी म्हणलं, "नको, माझे हात गार आहेत." भर उन्हाळ्यात, गार! जिना उतरताना मला कठडा दिसत नव्हता.

त्यानंतर तू आली नाहीस. सव्वा महिना झाला, तू म्हणालीस ऊन आहे. मग म्हणालीस बाळाला सर्दी आहे. लेक दर रविवारी जालन्याला जातो आणि येतो, मोबाईलवर फोटो दाखवतो. मी बोट लावते तर फोटो पुढंच सरकतो.

खोटं बोलून मी तुला बोलावू शकते. म्हणू शकते, गुडघे गेले, बीपी वाढलं, आता काही खरं नाय. शेजारच्या बायांनी सुचवलं पण. पण मला तसं नाय बोलवायचं. मुठीचं मी तुला सांगितलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं, आणि बाळ तू कधी ना कधी माझ्या मांडीवर दिलंही असतंस. मग माझ्या हाताला ते ठाऊक असतं आणि तुला नसतं. तसं मला बाळ नको. हे वाचून तू म्हणशील, मी बरोबरच होते. व्हय, तू बरोबरच होतीस. हे तुझ्या नवऱ्यालाही वाचायला दे. त्याला सांगायचं तोंड मला नाय.

उरलेल्यातली दोन नंतर गेली. पाच आहेत. आता मोठी झाली, अंडी देतात, ठिपक्याठिपक्यांची. एक मादी एका डोळ्यानं आंधळी आहे, तिला वेगळी ठेवते, नायतर नर त्याच बाजूनं येऊन टोचतात, बरोब्बर तिला दिसत नाय तिकडून. कधी कुणाचा डोळा चिकटला तर डॉक्टरनं शिकवलं तसं उकळून निवलेल्या पाण्यात कापूस भिजवते आणि नुसता लावून धरते. ओढत नाय. निघालं तर निघालं, नायतर परत भिजवते. लई वेळ लागतो. पहिल्यांदा मला अर्धा तास लागला, पण पापणी आपली आपण उघडली. इतक्या वर्षांत माझ्याकडून कुणाचा डोळा असा न ओढता उघडला नव्हता. शेजारच्या बाया लेकरं घेऊन येतात तर मी दवाखान्याकडं धाडते. त्या म्हणतात, म्हातारीला माज आला. आला तर आला.

तर पोरी, तू ये. राहायला नको येऊस, एका दिवसासाठी ये. सकाळी निघ, संध्याकाळी परत जा, तुझा नवरा गाडीनं नेऊन सोडील. तुझ्या आईला सोबत आण, म्हणजे तुला धीर राहील. बाळ तुझ्याच मांडीवर ठेव, मी समोर बसते, मागणार नाय. मला फक्त तू बोलताना तुझं तोंड पाहायचंय, आणि तुला जे काही बोलायचं असंल ते तू फोन न ठेवता मला तोंडावर बोलावंस. शिव्या दे पाहिजे तर. या रविवारी जमलं तर या रविवारी, नायतर पुढच्या. लवकर ये, वाट पाहते.